‘तेव्हा इलाजच नव्हता’

पत्राचा सारांश : इंदूरच्या एका जुन्या मराठी वसाहतीत राहणाऱ्या ५६ वर्षांच्या भगिनींचे हे पत्र आहे. पिथमपूरच्या कारखान्यात नोकरी केलेले त्यांचे पती १४ महिन्यांपूर्वी हृदयविकाराने गेले. पतींनी स्वतःच्या कमाईतून बांधलेले दुमजली घर, काही मुदत ठेवी आणि विम्याची रक्कम मागे आहे. मृत्युपत्र केलेले नाही. मुलगा पुण्यात नोकरी करतो आणि घर विकून आईने आपल्याकडे यावे, असे त्याचे म्हणणे आहे. धाकटे दीर म्हणतात, घर मुळीच विकू नये. मुलगी उज्जैनला सासरी असते आणि ‘तू म्हणशील तसे’ एवढेच म्हणते. भगिनी लिहितात : “लग्न झाल्यापासून एकही निर्णय मी घेतलेला नाही. वरचा मजला शिकायला येणाऱ्या मुलींना भाड्याने द्यावा असे मनात येते, पण ते कुणाजवळ बोलण्याचेही धाडस होत नाही. भंवरकुआंच्या बाजूला व्यक्तिमत्त्व विकासाचा तीन महिन्यांचा वर्ग चालतो, फी १८ हजार रुपये आहे. आधी तिथे जाऊन आत्मविश्वास मिळवावा आणि मग घराचे ठरवावे, असा विचार आहे. हे योग्य होईल का?”

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्यांदा घराच्या प्रश्नासाठी, आणि दुसऱ्यांदा तिसऱ्या पानावरच्या एका वाक्यासाठी. ते तुम्ही अगदी जाता जाता लिहिले आहे. बारा वर्षांपूर्वी पती दौऱ्यावर असताना सासूबाई न्हाणीघरात पडल्या, शेजाऱ्यांना हाताशी घेऊन तुम्ही त्यांना दवाखान्यात नेले, खुब्याचे हाड मोडल्याचे कळले, डॉक्टरांनी उशीर न करता शस्त्रक्रिया करावी असे सांगितले आणि संमतीच्या कागदावर तुम्ही सही केली. ‘पण तेव्हा इलाजच नव्हता,’ असे लिहून तुम्ही लगेच पुढच्या विषयाकडे वळलात.

इलाज होता, ताई. पती परत येईपर्यंत थांबते, असे तुम्ही म्हणू शकला असता. दिरांना बोलावून सही त्यांच्याकडून घेता आली असती, आणि घरात कुणी तुम्हाला बोलही लावला नसता. उतारवयात खुब्याचे हाड मोडले की शस्त्रक्रिया शक्यतो एक-दोन दिवसांत व्हावी असे डॉक्टर सांगतात, कारण अंथरुणाला खिळून राहिल्याने छातीत कफ साठणे, रक्ताच्या गुठळ्या होणे, पाठीला जखमा होणे असे त्रास मागे लागतात. तुम्हाला त्या दिवशी यातले किती ठाऊक होते, कोण जाणे. पण जाणत्या माणसाचे ऐकून, शंका विचारून, धोका लक्षात घेऊन, दुसऱ्याच्या जिवाबद्दलचा निर्णय तुम्ही तासाभरात घेतलात. त्यानंतर सासूबाई सात वर्षे काठी टेकत का होईना, आपल्या पायांनी देवळात जात होत्या, हेही तुम्हीच लिहिले आहे. एवढा मोठा निर्णय ज्या बाईने घेतला, तीच बाई त्याच पत्रात ‘एकही निर्णय मी घेतलेला नाही’ असे लिहिते, याचे मला फार वाईट वाटले.

तुमच्यासारख्या कितीतरी जणींच्या बाबतीत हेच घडते. आपल्या इंदूरला नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते. हौद किती भरला आहे, पाहुणे यायचे असले तर धुणे कोणत्या दिवशी काढायचे, मोटर जळाली तर दुरुस्त करायची की नवी घ्यायची, हे तीस वर्षे कुणी ठरवले? एका पगारात दोन मुलांची शिक्षणे आणि एक लग्न बसवताना कोणता खर्च आधी आणि कोणता पुढच्या दिवाळीला, हे कुणी ठरवले? या सगळ्याला आपण ‘घर सांभाळणे’ म्हणतो. पुरुषाने हेच कारखान्यात केले तर त्याला व्यवस्थापन म्हणतात आणि त्याचे वेतन मिळते.

तरीही तुमच्या म्हणण्यातला खरा भाग मी नाकारत नाही. ज्या निर्णयावर सही लागते, ज्यात रकमेचा आकडा मोठा असतो आणि ज्यासाठी काउंटरपलीकडच्या अनोळखी माणसाशी बोलावे लागते, ते निर्णय तुमच्या वाट्याला आले नाहीत. ती सरावाची उणीव आहे. तिला स्वभावाचे नाव देऊन तुम्ही स्वतःवर अन्याय करत आहात.

सराव म्हणताना मला राजवाड्यासमोरचा अहिल्यादेवींचा पुतळा आठवतो. त्यांच्याबद्दल बोलताना आपण वैधव्य सांगतो, मग घाट, देवळे आणि न्यायनिवाडा सांगतो. मधली बारा वर्षे मात्र गाळतो. पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात कामी आले आणि सासरे मल्हारराव यांचे निधन झाले ते १७६६ मध्ये. या मधल्या काळात सासरे मोहिमेवर असताना त्यांच्या सुनेकडे कामे सोपवली जात होती. मल्हाररावांनी १७६५ मध्ये त्यांना लिहिलेल्या पत्रात चंबळ ओलांडून ग्वाल्हेरकडे जाण्याच्या, तोफखाना जवळ ठेवण्याच्या आणि दारूगोळ्याची तजवीज करण्याच्या सूचना आहेत. १७६७ मध्ये मुलगा मालेरावही गेला आणि राज्याचा भार अंगावर आला, तेव्हा कारभार त्यांना नवा नव्हता. कामे आधी करून झाली होती, चुका झाल्या असतील तर त्याही सासऱ्यांच्या डोळ्यांदेखत झाल्या होत्या. तुमची आणि त्यांची बरोबरी करण्यासाठी हे लिहीत नाही. तुम्हाला कुणी अशी बारा वर्षे दिली नाहीत, एवढेच लक्षात आणून द्यायचे आहे. आता ती तुम्हाला स्वतःच, थोड्या महिन्यांत, स्वतःसाठी उभी करायची आहेत.

आता वर्गाविषयी. अल्बर्ट बांडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये, ‘हे मला जमेल’ ही भावना माणसात कुठून येते, याची मांडणी केली. त्याने चार उगम सांगितले : स्वतः काम करून ते जमल्याचा अनुभव, आपल्यासारख्या माणसाला ते करताना पाहणे, दुसऱ्यांनी दिलेला धीर, आणि आपल्या शरीर-मनाची त्या वेळची अवस्था. यांत सर्वांत पक्का उगम त्याने पहिला मानला. वर्गात तुम्हाला मुख्यतः तिसरा मिळेल. शिक्षक धीर देतील, चार माणसांपुढे उभे राहून बोलण्याची भीड चेपेल, नव्या ओळखी होतील. एकटेपणात त्याचेही मोल आहे, म्हणून जाऊच नका असे मी म्हणणार नाही. पण त्या तीन महिन्यांत घराची कागदपत्रे कपाटातच राहणार असतील, तर चौथ्या महिन्यात तुम्ही आज आहात तिथेच असाल, आणि वर ‘वर्ग करूनही मला जमले नाही’ असा एक नवा दोष स्वतःला लावाल. आत्मविश्वास आला की निर्णय घेईन, हा क्रमच मला उलटा वाटतो. पाण्यात उतरल्याशिवाय पोहणे येत नाही, हे आपण मुलांना सांगतो, आणि स्वतः मात्र काठावर बसून राहतो.

इथे माझ्या घरचा एक प्रसंग सांगते, कारण तो तुमच्या मुलानेही वाचावा असे मला वाटते. माझे वडील गेल्यावर महिन्याभराने मी आईला घेऊन बँकेत गेले. पैसे काढण्याच्या चिठ्ठीवर तिने सही केली, ती नमुन्याशी जुळेना. कारकुनाने चिठ्ठी परत केली. दुसऱ्यांदाही जुळली नाही. तिसऱ्यांदा तिचा हात थरथरायला लागला. चष्मा काढून तिने पदराने पुसला, पुन्हा लावला आणि पेन उचलले. रांगेतली माणसे चुळबुळ करत होती. मला ते बघवेना. मी तिच्या हातातून चिठ्ठी घेतली, व्यवस्थापकांकडे गेले, बोलले, काम करून आणले. पुढची अकरा वर्षे आई बँकेची पायरी चढली नाही. मी तिचा त्रास वाचवला असे मला पुष्कळ दिवस वाटत होते. आज वाटते की चौथी सही कदाचित जुळली असती, आणि त्या एका सहीने तिची ती अकरा वर्षे वेगळी गेली असती. ती मी तिच्याकडून काढून घेतली.

तुमचा मुलगाही असेच करत असावा, आणि प्रेमापोटीच. त्याचा प्रश्न आहे, आईची काळजी कशी मिटेल? दिरांचा प्रश्न आहे, भावाची वास्तू कशी टिकेल? दोन्ही प्रश्न चांगले आहेत, पण दोन्ही तुमचे नाहीत. पुढची वीस-पंचवीस वर्षे मला कुठे, कुणाच्या सोबतीने आणि कोणत्या कामात घालवायची आहेत, हा तुमचा प्रश्न आहे. तुमच्या पत्राच्या पाच पानांत त्याचे उत्तर एकाच वाक्यात आले आहे : मुलींना वरचा मजला द्यावा. ते वाक्य तुम्ही सर्वांत शेवटी लिहिलेत आणि त्यानंतर क्षमा मागितलीत, हे माझ्या नजरेतून सुटलेले नाही.

सल्ला आणि परवानगी या दोन गोष्टी आपल्या घरांत फार मिसळून गेल्या आहेत. सल्ला जितक्या जाणत्यांचा घ्याल तितका चांगला. परवानगी कुणाची लागते हे मात्र तपासून पाहा, कारण तुमच्या बाबतीत त्याला कायद्याचेही उत्तर आहे. घर पतींच्या स्वकष्टाचे आहे, मृत्युपत्र नाही आणि सासूबाई आधीच गेल्या आहेत. अशा वेळी १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार पत्नी, मुलगा आणि मुलगी यांचा घरात सारखा वाटा असतो. म्हणजे तिसरा हिस्सा तुमचा, तिसरा मुलाचा आणि तिसरा त्या मुलीचा, जी ‘तू म्हणशील तसे’ म्हणून बाजूला उभी आहे. भावाच्या स्वकष्टार्जित घरात या स्थितीत दिरांचा हिस्सा येत नाही. त्यांचे मत आपुलकीचे म्हणून जरूर ऐका. मुलगाही एकटा घर विकू शकत नाही, आणि तुम्हालाही दोघा मुलांशी बोलूनच पुढे जावे लागेल. कागद एखाद्या वकिलाला एकदा दाखवून घ्या. नगर निगमात मालमत्ता करासाठी होणारे नामांतरण आणि मालकी हक्क या वेगळ्या गोष्टी आहेत, हेही त्यांच्याकडून समजून घ्या.

मग सुरुवात कुठून करावी? जो निर्णय चुकला तर फिरवता येतो, तिथून. घर विकणे हा न फिरणारा निर्णय आहे. आपल्या माणसाच्या जाण्याला जेमतेम वर्ष झालेले असताना असा निर्णय न घेतलेला बरा, असे मी प्रत्येकाला सांगते. तुमच्याकडे घाई करण्यासारखे कर्ज नाही, आजारपण नाही. पुण्याचा मार्गही तुम्ही आजच बंद करू नका : घर तसेच ठेवून दोन-तीन महिने मुलाकडे राहून पाहा, पण पाहुणी म्हणून नव्हे. तिथली भाजी तुम्ही आणा, जवळचे वाचनालय शोधा, दुपारचे चार तास कसे जातात ते पाहा. मुलगा आणि सून कामावर गेल्यावर त्या दारामागे तुमचा दिवस कसा असतो, हे इथे बसून कुणालाच सांगता येणार नाही.

भाड्याचेही तसेच. पूर्ण मजल्याचे वसतिगृह करायला निघू नका, कारण त्याला परवानग्या आणि खर्च दोन्ही वेगळे लागतात. एका खोलीत दोन मुली, एवढ्यापासून सुरू करा. आपल्याकडे ११ महिन्यांचा भाडेकरार करण्याची रीत आहे. एका वर्षाहून अधिक मुदतीच्या कराराला नोंदणी सक्तीची असल्यामुळे ती रुळली. तुमच्यासाठी तिचा अर्थ असा, की जमले नाही तर अकरा महिन्यांनी तुम्ही मोकळ्या. मुलामुलीला आधी कळवा, भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यात द्या, मुलींच्या पालकांशी स्वतः बोला. भाडे किती सांगायचे हे दिरांना विचारू नका. आपल्याच गल्लीत मुली ठेवणाऱ्या दोन-तीन घरांत जाऊन चहा घ्या आणि त्या बायकांनाच विचारा. बांडुराने सांगितलेला दुसरा उगम तो हाच, आणि त्याला फी नाही.

पैशांच्या बाबतीत पहिला महिना फक्त पाहण्यात घालवा. एका वहीत सगळ्या ठेवी लिहा : बँक, रक्कम, मुदत कधी संपते, नामनिर्देशन कुणाचे आहे. बँक बुडाली तर एका बँकेतील एका ठेवीदाराला व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंतच विम्याचे संरक्षण असते, हे लक्षात ठेवून सगळी रक्कम एके ठिकाणी आहे का ते बघा. नामनिर्देशन ज्याच्या नावे असते, त्याला बँक पैसे देते, पण त्या पैशांवरचा वारसांचा हक्क तेवढ्याने संपत नाही, हेही भल्या-भल्यांना ठाऊक नसते. आणि एका गोष्टीसाठी सावध राहा : विम्याची रक्कम खात्यात जमा झाली की गोड बोलणारी माणसे नव्या पॉलिसी घेऊन दारात येतात. कुणालाही पहिल्या भेटीत होकार देऊ नका. भिडेने सही झालीच, तर आयुर्विम्याची नवी पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. फोनवर आलेला ओटीपी कुणालाही सांगू नका, आणि फसवणूक झालीच तर संकोच न करता त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर फोन करा.

याच वहीच्या मागच्या बाजूला निर्णय लिहीत चला, हा माझा आग्रहच समजा. तारीख, काय ठरवले, का ठरवले, कुणाला विचारले आणि काय होईल असे वाटते. तीन महिन्यांनी उघडून पाहा. निर्णय घेताना हाती जी माहिती होती ती नीट पाहिली होती का, एवढेच तपासा. काळजीपूर्वक निवडलेली भाडेकरू मुलगी मध्येच शिक्षण सोडून गावी गेली, तर भाडे बुडेल, पण तुमचा निर्णय चुकीचा ठरणार नाही. उलट काही न वाचता केलेली सही नशिबाने निभावली, तरी ती चूकच होती. परिणामावरून स्वतःला मारझोड करण्याची आपल्याला सवय असते आणि त्या भीतीनेच पुढचा निर्णय टळतो. वहीचे पहिले पान मात्र कोरे सोडू नका. त्यावर बारा वर्षांपूर्वीच्या त्या सहीची नोंद करा, शक्य तितक्या तपशिलाने.

भीती वाटेल. निर्णय घेणाऱ्या माणसांना भीती वाटत नाही, ही समजूत तुमच्या पत्रात जागोजागी दिसते. तुमच्या पतींनी घराचे कर्ज काढले तेव्हा ते रात्र-रात्र जागे होते, असे तुम्हीच लिहिले आहे. तरी सकाळी उठून ते सही करायला गेले. हातापायांना कंप सुटणे, तोंड कोरडे पडणे हा नालायकपणाचा पुरावा नाही. मात्र कारण नसताना रडू येणे, झोप आणि भूक आठवडेच्या आठवडे हरवणे, कशातच मन न लागणे असे होत असेल, तर तो निर्णयाचा प्रश्न नाही. तेव्हा डॉक्टरांशी बोला किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा, तिथे पैसे लागत नाहीत. दुःखाला कमकुवतपणा समजून अंगावर काढू नका.

ज्यांच्या घरी अशी आई, मावशी किंवा वहिनी आहे, त्यांच्यासाठी एकच : बँकेत तिच्यासोबत जा, पण खुर्चीवर बसा. फॉर्म तिला भरू द्या. रांग खोळंबली तर खोळंबू द्या.

वर्गाचे काय, हे अजून राहिले. आधी गल्लीतल्या त्या दोन घरी चहा घेऊन या, वहीत ठेवींची यादी पुरी करा, एकदा एकटीने बँकेत जाऊन पासबुक भरून आणा. यानंतरही चारचौघांत बोलण्याची भीड आड येते असे वाटले, तर जा; मग १८ हजार कशासाठी देत आहात हे तुम्हाला माहीत असेल.

आणि मुलाला फोन करा. त्याच्या फोनची वाट पाहू नका, तुम्ही करा, शक्यतो रविवारी सकाळी, तो घाईत नसताना. त्याला सांगा : “घर या वर्षी विकायचे नाही, असे मी ठरवले आहे. पावसाळा संपला की तुझ्याकडे दोन महिने राहायला येते. त्याआधी वरच्या एका खोलीत दोन मुली ठेवायचा माझा विचार आहे, उज्जैनला तुझ्या बहिणीशीही आजच बोलणार आहे. तुला यात काय अडचण दिसते ते सांग, मी लिहून घेते.” मग खरोखरच वही उघडून तो जे सांगेल ते लिहून घ्या. त्याचे बोलणे ऐकताना मन द्रवेल आणि ‘बरं, तू म्हणतोस तसं’ हे शब्द सवयीने ओठांवर येतील. ते येतील तेव्हा एवढेच म्हणा : “विचार करून बुधवारी सांगते.” आणि बुधवारी, काय ठरले असेल ते, त्याला सांगा.